निळ्या पक्ष्याला गंज लागत नाही: उभयचर बचावगाडीचं मॉडेल बांधताना आणि रंगवताना

प्रश्न थोडक्यात असा: सोव्हिएत अंतराळवीरांना शोधून आणणाऱ्या झिल-४९०६ या उभयचर गाडीचं १:४३ मापाचं रेझिन किट हातात आहे. बॉडी थोडी पिळवटलेली आहे. निळा रंग दिला की गाडी खेळण्यासारखी दिसते, आणि रणगाड्यावर करतात तसे टवके आणि गंज दाखवले की आणखीच खोटी वाटते. चुकतंय कुठे?

टवके आणि गंज, इथेच. तुम्ही पोलादी गाडी रंगवताय आणि ही गाडी पोलादाची नाही. हिच्या आत ॲल्युमिनियमची वेल्ड केलेली फ्रेम आहे आणि बाहेरचं अंग फायबरग्लासचं. फायबरग्लासला गंज चढत नाही, त्याचा रंग उडाला तरी खालून तपकिरी लोखंड डोकावत नाही. ही गाडी म्हणजे सहा चाकं लावलेली होडी आहे असं मनाशी पक्कं केलंत, तर घासण्यापासून शेवटच्या चिखलापर्यंतचे निम्मे निर्णय आपोआप सुटतात.

आधी ती होडी का लागली ते सांगतो, कारण रंगकामाचं उत्तर त्यातच आहे. १९ मार्च १९६५ रोजी वोसखोद-२ हे यान ठरल्या जागेपासून बरंच दूर, रशियातल्या पेर्मच्या बाजूच्या जंगलात बर्फात उतरलं. बेल्यायेव आणि लिओनोव्ह या दोघा अंतराळवीरांनी दोन रात्री तिथे काढल्या आणि शेवटी स्कीवरून मोकळ्या जागेपर्यंत जाऊन हेलिकॉप्टर गाठलं. माणूस अंतराळातून सुखरूप परत येतो आणि शेवटच्या काही किलोमीटरांत अडकतो, कारण तिथे रस्ता नसतो, दलदल असते, नदी आडवी येते. मॉस्कोच्या झिल कारखान्यात विताली ग्राचेव यांच्या विशेष रचना विभागाने याच कामासाठी गाड्या बनवल्या. आधी पीईयू-१ आली, मग झिल-४९०६ चं कुटुंब: क्रेन असलेली मालवाहू ४९०६, प्रवासी केबिनची ४९०६१, आणि मालवाहू गाडीच्या पाठीवर बसून जाणारी, दोन लांबट स्क्रूंवर सरपटणारी छोटी गाडी. निळ्या रंगामुळे या कुटुंबाला ‘निळा पक्षी’ हे टोपणनाव पडलं. बर्फात असो की गवताळ सपाटीवर, लांबून दिसली पाहिजे अशी ही गाडी आहे. लपायचं काम असलेल्या लष्करी गाडीचा मळकटपणा तिच्यावर जसाच्या तसा चढवला की डोळा खटकतो तो म्हणूनच.

आता बांधणी. रेझिनचे भाग आधी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने मऊ ब्रशने धुवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर राहिला तर पुढे मास्किंग टेपबरोबर रंग सोलून येतो. रेझिन घासताना धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका. पॉलिश पेपर ओला ठेवून घासा आणि तोंडाला चांगला मास्क लावा. यात सूट नाही. प्लास्टिक किटचा गोंद रेझिनवर चालत नाही, सुपरग्लू किंवा दोन भागांचं इपॉक्सी वापरा. जिथे वजन पेलायचं आहे, म्हणजे ॲक्सल आणि क्रेनचं बूड, तिथे नुसत्या गोंदावर न विसंबता पितळी तारेचा तुकडा आतून घाला.

मूळ गाडी सुमारे सव्वानऊ मीटर लांब आहे, म्हणजे तुमचं मॉडेल साडेएकवीस सेंटिमीटरांच्या आसपास भरेल. एवढ्या लांबीच्या पोकळ रेझिनमध्ये थोडा पीळ येतोच. गरम पाण्यात, हात घालवणार नाही पण उकळतही नसेल अशा पाण्यात, बॉडी दोनेक मिनिटं बुडवा. मऊ झाली की उलट दिशेला अगदी थोडी पिळा, जाड काचेवर दाबून धरा आणि तशीच थंड पाण्याखाली न्या. एका झटक्यात सरळ करायला गेलात तर पातळ कडा चिरते. तीन-चार फेऱ्यांत हळूहळू आणा. सरळ झाल्यावर आतून दोन-तीन ठिकाणी प्लास्टिक पट्टीच्या आडव्या कमानी चिकटवा, नाहीतर उन्हाळ्यात पीळ परत येतो.

सगळ्यात जास्त वेळ चाकांना द्या. या गाडीचे तिन्ही ॲक्सल जवळपास सारख्या अंतरावर आहेत. त्यामुळे मधलं चाक केसभर खाली आलं तरी मॉडेल पाळण्यासारखं झुलतं, केसभर वर गेलं तर ते हवेत लोंबकळतं. गोंद लावण्यापूर्वी मॉडेल काचेवर ठेवतो आणि वहीच्या कागदाच्या बारीक पट्ट्या सहाही चाकांखाली सरकवतो. पट्टी हलकेच ओढली की प्रत्येक चाकाखाली सारखाच अडसर जाणवला पाहिजे. जी सहज सुटते ते चाक वर आहे. तिथे ॲक्सलचं भोक थोडं लांबट करून चाक खाली आणतो, पुन्हा पट्टी ओढतो, आणि सहाही अडकल्यावरच गोंदाचा थेंब सोडतो. अर्धा दिवस जातो, पण गाडीला वजन येतं. हे वजन रंगाने आणता येत नाही.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. हिची पुढची आणि मागची, दोन्ही टोकांची चाकं वळतात, मधली सरळ राहतात. पुढची डावीकडे वळवलीत तर मागची उजवीकडे वळायला हवीत. फक्त पुढची वळवलेली मॉडेलं मी खूप पाहिली आहेत. गाडी जाणणारा माणूस आधी तिथेच बघतो.

टायर रबरासारख्या मऊ प्लास्टिकचे असतील तर रिमवर बसवण्याआधी रिमला प्रायमर (रंगाखालचा अस्तर थर) आणि क्लिअरचा (पारदर्शक वॉर्निशचा) थर द्या. काही मऊ प्लास्टिकमधून तेल पाझरतं आणि काही वर्षांत ते कडक प्लास्टिकचं रिम खातं. टायरला निव्वळ काळा देऊ नका, गडद राखाडी द्या.

पुट्टीबद्दल थोडक्यात. रेझिनमधली टाचणीएवढी भोकं सुपरग्लूने भरा आणि गोंद पुरता दगड होण्याआधी, तास-दीड तासात घासून घ्या. नंतर तो रेझिनपेक्षा कडक होतो आणि भोवतालचं रेझिनच आधी झिजतं. घासताना कडांची गोलाई जपा. फायबरग्लासचे थर साच्यात बसवून अंग घडवतात, त्याचे कोपरे सुरीसारखे धारदार नसतात. वेल्डिंगच्या शिवणी तर या अंगावर नकोतच. किटमध्ये पॅनेलच्या रेषा खोल कोरल्या असतील तर त्यात पातळ पुट्टी किंवा दाट प्रायमर भरून त्या उथळ करा. १:४३ मध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या गाडीवर दोन सेंटिमीटरांची चीर झाली. अशा चिरेने होडी बुडेल.

आता निळा. आधी राखाडी प्रायमर द्या, तो चुका उघड्या पाडतो. चुका दुरुस्त झाल्या की वर हलक्या राखाडीचा किंवा मळक्या पांढऱ्याचा एकसारखा थर द्या. निळी रंगद्रव्यं बऱ्यापैकी पारदर्शक असतात, खाली जे असेल ते वर येतं. पुट्टीचा पिवळट डाग खाली राहिला तर निळ्यातून हिरवट ठिपका दिसतो आणि वरून कितीही थर दिले तरी तो पुरता जात नाही.

खेळण्यासारखं दिसण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हे असतं की रंग बाटलीतून जसाच्या तसा आला आहे. मॉडेल आपण साधारण तीस सेंटिमीटरांवरून बघतो. १:४३ च्या हिशेबाने ते खरी गाडी तेरा मीटरांवरून बघण्यासारखं आहे. तेवढ्या अंतरावरून रंगाची धार कमी वाटते. म्हणून निळ्यात दहा ते पंधरा टक्के पांढरा किंवा अगदी हलका राखाडी मिसळा. एअरब्रशसाठी (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासाठी) लॅकर जातीचा ॲक्रिलिक असेल तर एका भाग रंगाला दीड-दोन भाग थिनर, दाब एक बारच्या आसपास, अंतर आठ-दहा सेंटिमीटर. एकाच थरात झाकायचा मोह आवरा. चार-पाच पातळ फेऱ्या मारा आणि प्रत्येक फेरीनंतर मॉडेल उजेडात तिरकं धरून बघा. पॅनेलच्या रेषांखाली काळा मारून वर निळा द्यायची पद्धत इथे मला पटत नाही. ती पोलादी चिलखताचे जोड ठळक करते, आणि इथे तसे जोड नाहीत.

छटांचा खेळ करायचाच असेल तर तो वरून खाली करा. फायबरग्लासवरचा रंग वर्षानुवर्षं उन्हात राहिला की खडूसारखा होतो, हात फिरवला तर तळव्याला निळसर पावडर लागते. ऊन सर्वांत जास्त छपरावर आणि नाकाच्या उतरत्या भागावर पडतं. मूळ मिश्रणात आणखी थोडा पांढरा घालून तिथे पातळ फवारा मारा, बाजू मूळ रंगाच्या ठेवा, पोटाकडे थेंबभर गडद. शेवटच्या वॉर्निशमध्येही हाच फरक ठेवा: छप्पर मॅट, बाजू सॅटिन. सगळी गाडी एकसारखी मॅट केली की ती मातीची होते, एकसारखी चकचकीत केली की प्लास्टिकची.

पांढरे पट्टे किंवा अक्षरं रंगाने काढणार असाल तर पांढरा आधी द्या, टेपने झाका आणि मग निळा मारा. निळ्यावर पांढरा चढवायला थर जाड करावे लागतात आणि कडेला पायरी उभी राहते. टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी पुन्हा पांढऱ्याचाच किंवा क्लिअरचा एक हलका फवारा मारा. झिरपायचं असेल ते तेच झिरपतं आणि निळ्याची रेघ स्वच्छ येते. टेप लगेच नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही, रंग हाताला कोरडा झाला की तिरक्या कोनात मागे ओढत काढा. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं-चित्रं) असतील तर खाली ग्लॉस क्लिअर हवाच, नाहीतर कडेला चंदेरी हवा अडकते.

आता वापराच्या खुणा.

फायबरग्लासवर ओरखडा पडला तर तो मूळ रंगापेक्षा फिका दिसतो. खोल गेला तर आतली मळकी, पिवळट-राखाडी जाळी दिसते. म्हणून फिक्या निळ्याने, अगदी टोकदार ब्रशने, मोजक्या केसाएवढ्या रेघा काढा, दारांपाशी, माणसं चढतात तिथे, क्रेनचा दोर घासतो तिथे. माप विसरू नका: ब्रशचा ०.२ मिलिमीटरचा ठिपका खऱ्या गाडीवर नऊ मिलिमीटरांचा होतो. धातूची चमक फक्त धातूवर दाखवा, म्हणजे ओढायचे हूक, क्रेनचा आकडा, प्रोपेलर, रिमच्या कडा. पाठीवर ती स्क्रूवाली छोटी गाडी ठेवणार असाल तर तिचे स्क्रू हलक्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे आहेत. त्यांच्या वळ्यांच्या कडा जमिनीला घासून उघड्या, उजळ ठेवा आणि खोबणीत गाळ भरा. कडक रस्त्यावर ती चालवायची नसते, म्हणून तर तिला पाठीवर नेतात.

(कधी अमेरिकन डीयूकेडब्ल्यू, म्हणजे ‘डक’ बांधायला घेतलीत तर नियम उलटे होतील. १९४२ पासूनची ती साडेनऊ मीटर लांब गाडी पोलादी पत्र्याची आहे. १९५३ च्या पुरात नेदरलँड्समध्ये माणसं काढायला तशा गाड्या वापरल्या गेल्या, आणि खाऱ्या पाण्यातून आलेल्या डकच्या कडांवर गंज अगदी योग्य दिसतो.)

उभयचर गाडीला खरेपणा येतो तो पाण्याच्या रेषेने. धूळ सगळ्याच गाड्यांवर असते, पोटाभोवती फिरलेली आडवी रेष फक्त पाण्यात शिरलेल्या गाडीवर असते. ती हाताने अंदाजे काढू नका. मॉडेल काचेवर ठेवा. पेन्सिल लाकडी ठोकळ्यावर आडवी बांधा, टोक हव्या त्या उंचीवर आणा आणि ठोकळा काचेवर सरकवत गाडीभोवती एक प्रदक्षिणा घाला. नाकाचा उतार असो की चाकाची कमान, रेष सगळीकडे बरोबर पातळीत येते. नंतर पुढच्या चाकांखाली दीड-एक मिलिमीटरच्या पट्ट्या सरकवा आणि दुसरी प्रदक्षिणा घाला. ही रेष पुढे खाली उतरते, मागे वर चढते. पाठीवर भार असताना गाडी मागे जास्त बसते, तेव्हाची ती खूण. अशा दोन-तीन रेषा एकमेकींना छेदल्या की गाडीचा इतिहास दिसायला लागतो.

पेन्सिलीच्या रेषेवर इनॅमल थिनरमध्ये कालवलेली फिक्या मातीची पावडर बारीक ब्रशने ओढा. वाळायला लागली की थिनरने जेमतेम ओला केलेला सपाट ब्रश खालच्या दिशेने फिरवा. वरची कड स्पष्ट राहिली पाहिजे आणि खाली ती विरत गेली पाहिजे, कारण पाणी ओसरताना गाळ वरच्या काठाशी बसतो. खालचा ॲक्रिलिक किंवा लॅकर थर क्लिअरने बंद केलेला असेल तर इनॅमल थिनर त्याला धक्का लावत नाही आणि रेष बिघडली तर पुसून पुन्हा काढता येते. माझ्या पहिल्या उभयचर मॉडेलवर मी रेषेसाठी टेप लावून मातीचा रंग फवारला होता. गाडीने पट्टा बांधल्यासारखी ती दिसायची. रंग काढून सगळं पुन्हा करावं लागलं.

रेषेचा रंग कोणता, ते कुठल्या पाण्यातून आली यावर ठरवा. १६ ऑक्टोबर १९७६ च्या रात्री सोयुझ-२३ हे यान कझाकस्तानातल्या तेंगिझ सरोवरात उतरलं. थंडी कडक, बर्फाचं वादळ, भोवती दलदल. उभयचर गाड्या यानापर्यंत पोहोचू शकल्या नाहीत आणि सकाळी हेलिकॉप्टरने यान पाण्यावरून ओढत काठाला आणलं. आतले अंतराळवीर झुदोव आणि रोझ्देस्तवेन्स्की दोघेही वाचले. तेंगिझचं पाणी खारं आहे. अशा पाण्यातून आलेल्या गाडीवर रेष मातकट नको, मळकी पांढरी, थोडी खरखरीत हवी. नदीतून आली असेल तर राखाडी-तपकिरी गाळाची. दलदलीतून आली असेल तर काळपट, आणि कमानीत दोन-चार गवताच्या काड्या.

यानंतर ठरवा की गाडी आत्ता पाण्याबाहेर आली आहे की कालच आली होती. दोन्ही एकत्र दाखवता येत नाही. आत्ता आली असेल तर रेषेखालचा भाग गडद आणि ओला चमकदार, टायर धुतलेले, कमानींच्या कडांवरून आणि पाणी निघायच्या भोकांतून उभे ओघळ, आणि छपरावर मात्र जुनी कोरडी धूळ तशीच. काल आली असेल तर रेष वाळलेली आणि तिच्यावरून चाकांनी उडवलेला नवा चिखल, मागच्या बाजूला जास्त. चिखलात पावडरबरोबर थोडी प्लास्टरची भुकटी घाला, जाडी येते. पण बाजूच्या मोठ्या निळ्या पृष्ठाला फार हात लावू नका. ती दिसण्यासाठीच निळी आहे.

शेजारी सोयुझचं यान ठेवायचं असेल तर परत येणारा भाग सुमारे २.२ मीटर व्यासाचा असतो, १:४३ मध्ये ५१ मिलिमीटर. उष्णतेची ढाल जमिनीवर पोहोचण्याआधीच सुटून पडते, त्यामुळे तळ करपलेल्या तव्यासारखा करू नका. बाजू मात्र जळलेल्या हव्यात, तपकिरी-काळ्या, आणि जळल्याचे पट्टे तळाकडून वर जाणारे. यान गाडीच्या पाठीवर बसवलंत तर मागची रेष वर का चढवली होती ते बघणाऱ्याला न सांगता कळतं.

पाण्यातच तरंगती दाखवणार असाल तर चाकं जवळपास बुडलेली असतील. बांधकामावर घेतलेली मेहनत तिथे दिसणार नाही हे मान्य करून सुरुवात करा. पाण्याचं रेझिन तीन ते पाच मिलिमीटरच्या थरांत ओता. एकदम ओतलं तर तापतं आणि खालचा रंग सुरकुततो. बॉडीची सगळी भोकं आतून बंद आहेत ना, ते आधी गाडी साध्या पाण्यात धरून बघा. लाटा आणि नाकापुढचा फेस पारदर्शक ॲक्रिलिक जेलने, पांढरा फक्त शेंड्यांना.

काचा सगळ्यात शेवटी. त्यांना सुपरग्लू लावलात तर त्याच्या वाफेने आतून पांढुरकं धुकं चढतं आणि ते पुसता येत नाही. पांढरा पीव्हीए गोंद टूथपिकने चौकटीला फिरवा, काच ठेवा, जास्तीचा गोंद ओल्या ब्रशने टिपा. वायपर फिरतात तेवढा कमानीचा भाग स्वच्छ ठेवा, बाकी काचेवर वर बनवलेली मातीची पावडर अगदी पातळ करून लावा. आरसे आणि अँटेना मात्र मॉडेल कपाटात ठेवायच्या दिवशीच चिकटवा, त्याआधी लावलेत तर मास्किंग काढताना मोडतात.